पेटीपुरतं ऊन

हिवाळ्यात आमच्या अंगणात ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. पूर्वेला शेजाऱ्यांचं कौलारू घर आहे, पश्चिमेला डोंगर. सकाळी ऊन आधी गोठ्याच्या भिंतीवर उतरतं, मग तुळशीपाशी येतं, मग विहिरीकडे सरकतं आणि चार वाजायच्या आत डोंगराआड जातं. गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या आसपासच्या गावांत बहुतेक असंच असतं. एवढी वर्षं त्या अंगणात राहूनही मला हे माहीत नव्हतं. या हिवाळ्यात सौर पॅनल हातात घेऊन त्या उन्हामागे फिरले, तेव्हा कळलं.

बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहायचे. तिथल्या धुळीनं त्यांची छाती खराब झाली, असं डॉक्टर म्हणाले. आता सकाळ-संध्याकाळ त्यांना मशीननं औषधाची वाफ घ्यावी लागते. सकाळचं कसंतरी निभतं. संध्याकाळी मात्र आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, जाते. ती जंगलातून येते आणि एकदा गेली की परत कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून नागपूरला कामाला असलेल्या माझ्या भावानं एक जुनी बॅटरीची पेटी पाठवली आणि सोबत घडी होणारी दोन पॅनलं. पेटीवर चार्जिंगच्या पाच काड्या दिसतात. पाचही भरल्या की संध्याकाळची वाफ होते, एक दिवाही चालतो. दोनवर आली की मशीन मध्येच बंद पडतं.

दिवाळीला मी घरी आले ती या पेटीपायी राहूनच गेले. सकाळी पॅनलं गोठ्यापाशी, मग तुळशीपाशी, मग विहिरीकडे. मध्ये बकरी हाकलायची, कोंबड्या हाकलायच्या, धूळ पुसायची. हे काम जड नाही. पण दिवसभर एका सावलीवर नजर ठेवून माणूस इतका थकतो, हे मला कोणाला नीट सांगता आलं नसतं. पुस्तक मांडीवर असायचं आणि पान तेच असायचं.

मी गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रॅक्टिकलची परीक्षा म्हणजे काय, हे मायला सांगताना मी अडखळले. पेपर तर झाले ना, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, झाले, पण हे राहिलं तर वर्ष जाईल. त्याआधी काही दिवस प्रयोगांचा सराव होता. मग तीच म्हणाली, जा, पेटीचं मी पाहते. मी तिला एवढंच सांगितलं होतं की दिवसभर ऊन लागलं पाहिजे, सावली आली की जागा बदलायची.

मी सकाळच्या गाडीनं गोंदियाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पहिल्या दिवशी आले तर पेटीवर तीन काड्या. दुसऱ्या दिवशी दोन. त्या संध्याकाळी लाइन गेली. दिवा बंद ठेवून आम्ही फक्त मशीन लावलं. थोडा वेळ ते घरघरलं आणि थांबलं. बाबा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसले. त्यांच्या श्वासाचा आवाज घरभर येत होता. लाइन आली तोवर माय त्यांची पाठ चोळत राहिली. मी पेटीची बटणं दाबत राहिले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

मला वाटलं पेटीच बिघडली. तिसऱ्या दिवशी ती आणि दोन्ही पॅनलं घेऊन मी गाडीत बसले. पेटी मांडीवर होती आणि वाटेतलं आमगाव यायच्या आत पाय बधिर झाले. गोंदियात दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी पॅनलं रस्त्याच्या कडेला उन्हात ठेवली, मीटर लावलं आणि म्हणाले, "माल एकदम ठीक है बेटा. धूप दिखाओ बराबर." मी तेवढंच ऐकून परत आले. सराव बुडाला. गाडीत उभी असताना वाटलं की कॉलेज सोडून द्यावं. राग आला नव्हता. फक्त कुठेतरी बसायला मिळावं, असं वाटत होतं.

पुढच्या दिवशी मी गेलेच नाही. अंग दुखतंय म्हणून आत पडून होते. दाराच्या चौकटीतून अंगण दिसत होतं. मायनं पॅनलं अंगणातल्या खाटेवर नीट उघडली, जिकडे ऊन तिकडे तोंड करून. शेजारी सुपात वांग्याच्या फोडी वाळत होत्या, चटईवर कोहळ्याच्या वड्या होत्या. मग ती कामाला गेली. दुपारी परत आली, आधी फोडी हातानं पालटल्या, मग वड्या एकेक उलटवल्या. मग पॅनलजवळ गेली, पालथ्या हातानं त्याला स्पर्श केला, तेही उलटवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला दगड ठेवला. दुसरंही तसंच. दोन्ही पॅनलांच्या काळ्या बाजू खाटेकडे, राखाडी पाठी आभाळाकडे.

मी उठून बाहेर आले. "माय, उलटं काऊन केलं?"

"वरून चांगलं तापलं ना. आता खालून तापू दे त्याले."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "एकच बाजू कायले तापवाची? आतून कच्चं राहते."

ओसरीतून बाबा हसले. "तुया मायनं पापड समजला वो त्याले," असं म्हणता म्हणता त्यांना खोकला आला आणि हसणं त्यातच गेलं. खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. मग माय त्यांच्यावर घसरली. "दिवसभर खाटेवर बसून काय पाहून राहिले होते मंग तुमी?"

"मले वाटलं, तसंच असते," बाबा म्हणाले.

मी पॅनलं सरळ केली. ऊन काळ्या काचेतूनच आत जातं, पाठीकडून काहीच जात नाही, एवढंच सांगितलं. मायनं मान हलवली आणि वड्यांकडे गेली. त्या दिवशी पेटी भरत आली. पण संध्याकाळी चूल पेटवताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या दिवशी मशीन बंद पडलं, ते मायामुळंच ना?"

मी म्हटलं, ऊन कमी होतं. तिनं लाकूड आत सारलं. त्या दिवशी ऊन चांगलं होतं, हे उन्हात वाळवणं घालणारीला माझ्याहून चांगलं माहीत असणार.

त्यानंतर ती पॅनलला हात लावेना. वड्या पालटायची आणि त्याला वळसा घालून जायची. माझं प्रॅक्टिकल दोन दिवसांवर आलं होतं आणि आदल्या दिवशीच गोंदियाला जाऊन मैत्रिणीच्या खोलीवर राहायचं होतं. मी जाते असं म्हणवत नव्हतं, नाही जात असंही म्हणवत नव्हतं. पिशवी भरायची आणि पुन्हा रिकामी करायची, असं माझं चाललं होतं. शेवटी बाबांनी आपली खाट ओसरीतून अंगणात घ्यायला लावली, पॅनलांच्या शेजारी. हातात एक काठी घेतली, धानाजवळ राखणीला बसल्यासारखी. म्हणाले, "तू जाय. तू इथं बसल्यानं ऊन थोडी वाढते."

मी गेले. गाडीतून डोंगर दिसत होता तोवर मी त्याच्या सावलीकडेच बघत होते.

संध्याकाळी मैत्रिणीच्या खोलीवरून फोन लावला. मायनं उचलला. लाइन गेली होती. काड्या किती, असं विचारलं तर ती फोन घेऊनच पेटीजवळ गेली. बराच वेळ तिच्या पावलांचा आणि बांगड्यांचा आवाज येत राहिला.

"चार आहेत," ती म्हणाली. "पाचवी तुया बापानं झोपून घालवली. सावली अंगावर आली तरी पत्ता नाई. मंग मीच सरकवले पत्रे."

"कसे ठेवले?" मी विचारलं.

"काळं वर," ती म्हणाली. आवाज जरा रागाचाच होता.

मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मायनं फोन बहुतेक तिथेच ठेवला, बंद केला नाही. मला उजळणी करायची होती. वही समोर उघडी होती. मी भिंतीला टेकून ती घरघर ऐकत राहिले, कुठे थांबते का म्हणून. ती थांबली नाही. वाफ संपून मायनं मशीन बंद केलं तेव्हा मला झोप लागली होती. मैत्रिणीनं कानाजवळचा फोन काढून घेतला, असं तिनं सकाळी सांगितलं.