दुसरी अष्टमी

पंचेचाळिसाव्या वर्षी मी एम.एस्सी. आयटीला नाव घातलं ते काही हौसेनं नाही. तलासरीच्या एका शाळेत मी कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवते. संस्थेनं सांगितलं, दोन वर्षांत पदव्युत्तर पदवी आणा, नाहीतर कंत्राट वाढणार नाही. माझी बी.एस्सी. इतकी जुनी की तेव्हा आम्ही लॅबमध्ये चपला बाहेर काढून जात होतो.

सकाळी वरोरहून निघायचं, दुपारपर्यंत तलासरीत शिकवायचं, मग चारोटीपर्यंत शेअर इको, तिथून दुसरी गाडी पकडून डहाणूला कॉलेज. डबा गाडीतच खायचा. कॉलेजात पोचले की मी शिक्षिकेची विद्यार्थिनी व्हायचे. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही हजेरी घ्यायला आल्या का द्यायला?" सगळे हसले. मीही हसले. पण पाठ दुखत होती आणि खरं म्हणजे मला कोणाशी बोलायचंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला आली ती तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावातली मुलगी. घरी भात आणि नाचणीची शेती. घरातली पदवीपर्यंत शिकलेली ही पहिलीच. वर्गात फार बोलायची नाही, पण कोड वाचताना तिचं बोट ज्या ओळीवर थांबायचं तिथे चूक असायचीच. मला ती ताई म्हणायची.

विषय मी सुचवला. माझे वडील तांडेल होते, चाळीस वर्षं होडी चालवली. रोज घरी आले की वहीत लिहायचे: तिथी, वारा, बोंबलाच्या टोपल्या किती. तारीख कधीच लिहिली नाही. आमच्याकडे भरती-ओहोटी तिथीवर, जाळं टाकणं तिथीवर, बाजाराला कधी जायचं तेही त्यावरच. त्या वह्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, आणि येत्या हंगामात कुठल्या तिथीला किती बोंबील येतील याचा अंदाज सांगणारा प्रोग्रॅम करायचा. म्हणजे वलांडीवर, बांबूच्या उभ्या मांडवावर, बोंबील सुकवणाऱ्या बायकांना आधी कळेल, बांबू किती बांधायचे ते.

कामाची खरी वाटणी अशी होती. स्क्रीन तिनं केले. अकरा वह्या तिनं टाइप केल्या, वडिलांचं ते गिचमिड अक्षर लावत. डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचे तक्ते, मी आखले. वह्या माझ्या बापाच्या, तर तक्ते मीच आखणार असं मला वाटलं.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक ओळख द्यावी लागते, दुसऱ्या कुठल्याच ओळीला नसेल अशी. मी तिथी दिली. वर्ष, महिना, पक्ष, तिथी. ती म्हणाली, "ताई, इंग्रजी तारीख ठेवूया ना. कॅलेंडरवर कधी कधी एकच तिथी दोन दिवस दिसते."

"दर्याला इंग्रजी तारीख कळत नाही गं," मी म्हटलं. "तुम्ही डोंगरातले. तुम्हाला नाही समजायचं ते."

हे मी हसत म्हटलं होतं. एकच तिथी दोन दिवस येते हे मला लहानपणापासून माहीत होतं. अशा दिवशी वडील वहीत लिहायचे, 'अष्टमी, दुसरी'. पण त्या दुपारी मी दोन गाड्या बदलून आले होते, काम संपवायचं होतं, आणि वीस वर्षांनी लहान मुलगी मला समुद्र शिकवते आहे हे सोसवलं नाही. वर मी आणखी एक केलं. टाइप करताना चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, तीच तिथी पुन्हा आली तर जुनी नोंद पुसून नवी ठेव. म्हणजे दुसरी अष्टमी टाकली की पहिली गुपचूप गायब. कॉम्प्युटर तक्रारही करणार नाही.

प्रोजेक्टच्या फाईलला बाइंडिंग करायच्या आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, कोणी काय केलं याचं पान हवं. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून मी ते पान सांगितलं आणि तिनं टाइप केलं. स्क्रीन आणि अहवाल माझ्या नावावर. डेटाबेस तिच्या. कारण एवढंच की परीक्षक डेटाबेसची थिअरी विचारतात, आणि ती माझ्या डोक्यात राहत नव्हती.

"चालेल ताई," ती म्हणाली. "मला येतं ते."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. वय माझ्याएवढंच. दाखवायला म्हणून मी वडिलांची एक वही नेली होती. त्यांना ती आवडली. चष्मा सारून पानं उलटत राहिले. एका पानावर थांबले आणि म्हणाले, "हा महिना काढा स्क्रीनवर."

तिनं काढला.

"वहीत अष्टमी दोन आहेत. एकीला अठरा टोपल्या, दुसरीला चार. इथे चारच दिसतायत. अठरा टोपल्या गेल्या कुठे?"

त्यांनी आणखी तीन महिने काढायला लावले. दोन ठिकाणी तेच. अंदाज तर सगळाच त्याच्यावर उभा होता.

"टेबल कोणी डिझाइन केलं?" असं विचारत त्यांनी फाईलमधलं ते पान काढलं आणि तिचं नाव वाचलं. "तुम्ही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पंख्यानं वहीची पानं उडत होती, ती मी हातानं दाबून धरली. मला बोलता आलं असतं. चार शब्द होते, ते टेबल माझं आहे. माझ्या डोक्यात संस्थेचं पत्र होतं.

"हो सर," ती म्हणाली.

"एकच तिथी दोनदा येते हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, सर."

"माहीत होतं, मग असं केलंत का?"

तिनं स्क्रीनवरचा महिना बंद केला. मला त्यांनी दोन स्क्रीनबद्दल विचारलं, तिनं केलेल्या, आणि छान म्हणाले.

निकाल लागला. मी पास. ती प्रोजेक्टमध्ये नापास, बाकी सगळ्या विषयांत माझ्यापेक्षा वर. शाळेत मी पेढे वाटले. कंत्राट वाढलं. तिचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. मग यायचे थांबले. पुढे वर्गातल्या एकीकडून कळलं की फेरपरीक्षेचा फॉर्म भरू देत नाहीत तिला घरून. मग मी गेले. लगेच नाही, आणखी पंधरा दिवस काढले मी.

ती शेतात निंदणी करत होती. मला पाहून हात धुऊन आली. पूर्ण रस्ता मी वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी बोलून टाकली. टेबल माझं होतं, चूक माझी होती, मी बोलले नाही.

"ताई, मला काय सांगताय?" ती म्हणाली. "मी तिथंच होते ना."

मग तिनंच शेताच्या पलीकडे मान केली. "बाबांना सांगा. ते म्हणतात, तुलाच येत नव्हतं."

तिचे वडील फावडं घेऊन पाणी वळवत होते. मी चिखलातून त्यांच्यापर्यंत गेले, आणि पुन्हा सगळं सांगितलं. तिथी, दोन अष्टम्या, झेरॉक्सच्या दुकानातलं पान. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे तिचं बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही पास झाल्या?"

"झाले."

"मग तिथं तोंड का नाय उघडलं, मॅडम?"

"नोकरीची भीती वाटली."

"भीती आम्हाला बी वाटते," ते म्हणाले. "दोन लावण्या घरातला एक माणूस कमी धरून काढल्या. गावात सांगून बसलो, पोरीला जमलं नाय म्हणून." फावडं बांधात रोवून त्यांनी लेकीला हाक मारली. "फॉर्म कधी भरायचा गं?"

ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत."

"मग जा उद्या." आणि माझ्याकडे न बघता, "तुम्ही बी जा. तिथल्या सरांना सांगा, मला सांगितलं तसं."

गेले. विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, मॅडम, तोंडी ऐकलं मी. लेखी दिलंत तर तुमचाही निकाल उघडावा लागेल, तुम्हीही पुन्हा बसाल. तिला बसता येतंच आहे. कोरा कागद माझ्यासमोर होता. पेनचं टोपण मी उघडलेलंसुद्धा होतं. ती बाहेरच्या बाकावर फॉर्म भरत बसली होती, उघड्या दारातून दिसली असती, पण दार लोटलेलं होतं. टोपण मी परत लावलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांना वाटतं मी लिहून दिलं. तिनं विचारलं नाही.

तिनं एकटीनं प्रोजेक्ट पुन्हा केला. ओळख म्हणून पंचांगावरून काढलेली इंग्रजी तारीख, तिथीला वेगळा रकाना. वह्या मी पोचवल्या, एवढंच माझं काम. चांगल्या गुणांनी पास झाली. पण गुणपत्रिकेवर दुसरा प्रयत्न असल्याची खूण आहे, आणि ती पुसता येत नाही.

आता ती नोकरी शोधते. हद्दीपलीकडे गुजरातेत कंपन्या आहेत, तिथे मुलाखतींना जाते. कधी मला फोन करते. मी आता उचलते. गेल्या मंगळवारी मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते तेव्हा आला.

"आज परत विचारलं त्यांनी, ताई. दुसरा प्रयत्न कशाला म्हणून."

"काय सांगितलंस?"

"प्रोजेक्टमध्ये डेटाबेस डिझाइन चुकलं होतं, असं सांगितलं."

"आणि?"

"आणि काय. कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही."