खाकी बाहीतला दुधी

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं जर कुणी मोजली असतील, तर ती आमच्या साडभाऊंनी. आणि त्यातलं एकही माणूस त्यांनी बोट दाखवून मोजलेलं नाही. सगळी हनुवटीने मोजली. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते. गाडीत बाया, बोचकी, कोंबड्या, एखादा बोकड अशी सगळी वरात भरलेली असायची आणि साडभाऊ दारात उभे राहून हनुवटी डावीकडून उजवीकडे अशी काही फिरवायचे, की मागच्या सीटखाली लपलेलं फुकटं पोरगं आपोआप बाहेर येऊन ‘हाफ द्या’ म्हणायचं. सरावाने त्या हनुवटीला पुढे टोक आलं, असं मी सगळ्यांना सांगतो. माझी बायको म्हणते, त्यांच्या घराण्यातच तशी आहे. पत्ता विचारा, हनुवटी. भाजी कोणती वाढू विचारा, हनुवटी. मुलगी पाहायला गेले तेव्हा ‘पसंत आहे का’ या प्रश्नालाही त्यांनी हनुवटीच केली म्हणतात. ती आपल्याकडे वळली होती की आपल्यामागच्या नव्या कपाटाकडे, याबद्दल ताई, म्हणजे माझी मेहुणी, अजून अधूनमधून शंका काढते.

रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात. साडभाऊ धाड या आपल्या गावी घरामागच्या पडीक जागेत उकिडवे बसले आणि जमिनीकडे बघू लागले. शेजारचं एक पोरगं आलं. म्हणालं, “आबा, काय करून राह्यले?”

“गांडुळाचं तोंड कोणत्या बाजूनं हाये थे पाहून राह्यलो.”

पोरगं बसलं. त्याला शोधत त्याची बहीण आली, तीही बसली. बहिणीला शोधत मैत्रिणी आल्या. दिवस मावळेपर्यंत गल्लीतली झाडून सगळी पोट्टी एका गांडुळाभोवती बसलेली, आणि गांडूळ बिचारं कुणीकडेही तोंड न दाखवता लाजून पडलेलं. त्या दिवसापासून शाळा आणि अंगणवाडी सुटली की ही वरात साडभाऊंच्या परसात भरायला लागली. ‘कंडक्टर आबाची बाग’ म्हणतात तिला.

बाग म्हणजे अख्खा एस.टी.चा रूट आहे. जागेला उतार असल्यामुळे सगळ्यात वरच्या वाफ्याचं नाव बुलढाणा, कारण ते घाटावर. मग चिखली, मेहकर करत पाणी खाली येतं. चिखलीला मेथी, मेहकरला कोथिंबीर, दुधीचा मांडव म्हणजे खामगाव. पोरं घरी जाऊन सांगतात, “आज मी मेहकरले गोम पाह्यली,” आणि आया घाबरून पोरगं तिथवर गेलंच कसं म्हणून चौकशा करतात. लिंबाच्या फांदीला साडभाऊंनी दोरीची घंटा टांगली आहे. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. या शिस्तीचा धाक असा, की एकदा टोला पडला तेव्हा एका पोराच्या कळशीतून पडणारी धार अर्ध्यावर थांबलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

शिकवणं म्हणाल, तर साडभाऊ शिकवत काहीच नाहीत. नुसते विचारतात. मुंगी झोपते कधी? मेथीला वास पानाचा की देठाचा? पोरं म्हणतात, “आबा, तुमीच सांगा नं.” यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: “मले माहीत असतं तं मी तुमाले काऊन इचारलं असतं बे?” आणि हे ते अगदी खरं बोलतात. साठी ओलांडलेला माणूस मुंगीच्या झोपेसाठी मुंगीच्या वारुळाशी दुपारभर पालथा पडून राहतो, आणि शेवटी स्वतःच घोरतो. मूग भिजवून फडक्यात बांधला तेव्हा मोड फुटताना आवाज येतो का, हे ऐकायला सगळी पोरं फडक्याला कान लावून बसली होती. अयान नावाचं एक पोरगं ओरडलं, “आला, आबा, आवाज आला!” तो त्याच्याच पोटाचा होता; पण साडभाऊंनी आधी त्याच्या पोटाला कान लावून खात्री केली आणि मगच मूग वाटला.

जे उगवेल ते तिथेच शिजवून किंवा कच्चं खायचं, हा दुसरा नियम. चूल पेटवायचं काम ताईचं, बाकी सगळं पोरांचं. मागे मी पाहुणा म्हणून गेलो, तर त्याच अयानने मेथीचा घोळाणा केला होता. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचा कूट, तिखट, तेल. आणि मीठ असं, की समुद्राने उधार मागावं. साडभाऊंनी डोळ्यांतलं पाणी न पुसता तो घास गिळला आणि विचारलं, “काय चुकलं असंन बरं?” अयानने पुन्हा चाखलं, नीट विचार केला आणि म्हणाला, “आबा, मेथी कमी पडली.” साडभाऊ इतके खूश झाले की त्याला लगेच चिखलीला पाठवून आणखी मेथी तोडून आणायला लावली. मला तो घोळाणा दोन वेळा खावा लागला, एकदा चुकलेला आणि एकदा दुरुस्त केलेला.

या गडबडीत एक पोरगी लांब उभी असायची. कार्तिकी. पहिलीतली. पाणी आणायची, काडीकचरा उचलायची, पण बी पेरायला, वेलीला हात लावायला पुढे येत नव्हती. उजवी मूठ सदा आवळलेली. साडभाऊंनी विचारलं, “पेरणीले काऊन नाई येत वं?”

“माहं बोट सडकं हाये, आबा. तुमचं बी सडन.”

झालं होतं असं. आमच्या भागात वेलीवरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ते सडतं, असं मानतात. अगदी दाखवायचंच झालं तर बोट मुडपून पेराने दाखवतात. कार्तिकीच्या मोठ्या मायने, म्हणजे तिच्या थोरल्या काकूने, अंगणात दुधी लावला होता. पोरगी शाळेत नुकतं मोजायला शिकलेली. तिने वेलीखाली उभं राहून बोट दाखवत एकेक दुधी मोठ्याने मोजला, आणि थोड्याच दिवसांत सगळे पिवळे पडून गळाले. मोठी माय जिवापाड वेल जपणारी बाई. रागात बोलून गेली, “पोरीचं बोटच सडकं.” ती बोलून विसरली. पोरगी विसरली नाही. तिने ते बोट मिटून टाकलं. पेन्सिल बाकीच्या बोटांत धरायची, घास त्या बोटावाचून घ्यायची, आणि शाळेत मोजायची वेळ आली की गप्प बसायची.

त्या दिवशी साडभाऊंनी तिसरी भाकरी पानात तशीच ठेवली. ताईच्या मते, लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी एक टोला देऊन त्यांनी सगळ्यांना मांडवाखाली, खामगावला, उभं केलं.

“बोटानं दुधी सडते का नाई, हे पाहू.”

“वेल माह्या हातचा हाये,” ताई आतून ओरडली. “तुमचे प्रयोग तुमच्या मिशीवर करा!”

पण घंटा वाजली होती. एकमेकांशेजारचे दोन करंगळीएवढे दुधी निवडले. एकाला रोज सगळ्यांनी बोट दाखवायचं, दुसऱ्याला चुकूनही नाही. आता पोरांची बोटं म्हणजे कुठे कधी जातील याचा नेम नाही, म्हणून त्या दुसऱ्याला झाकायचं ठरलं. साडभाऊंनी जुना खाकी युनिफॉर्म काढला, त्याची एक बाही टर्रकन कापली, आणि दुधीला ती घालून वर देठाशी, खाली मनगटाशी सुतळी बांधली. मांडवाला हात लोंबावा तसा तो दुधी दिसायला लागला. पोरांनी उघड्या दुधीवर बोटं रोखली. साडभाऊंनी हनुवटी केली, सवयीचा माणूस. कार्तिकी लांबूनच, मूठ पाठीमागे धरून बघत होती.

आणि बोट दाखवलेला दुधी पिवळा पडून चौथ्या-पाचव्या दिवशी मातीत पडला. बाहीतला हिरवागार!

मांडवाखाली अशी शांतता पसरली, की मुंगी झोपली असती तर कळलं असतं. अयान हळूच आपलं बोट चड्डीला पुसायला लागला. कार्तिकीने मान हलवली, आपल्याला हे आधीच माहीत होतं अशी. पोरगी पहिलीतली, पण मान म्हातारीसारखी हलली. मी त्या दिवशी तिथेच होतो, आणि खरं सांगतो, साडभाऊंची ती ऐतिहासिक हनुवटी मी पहिल्यांदाच छातीला टेकलेली पाहिली. मीच त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “साडभाऊ, सांगून टाका लेकराला, की हे सगळं खोटं असतं.”

“खोटं हाये हे मले तरी कुठी माहीत हाये, पाहुणे?” ते म्हणाले. “आन् आपण नुसतं सांगू. तिनं तं डोयानं पाह्यलं.”

मग ते मातीत बसले आणि पडलेला दुधी त्यांनी चिरला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पोरं ‘ईऽऽ’ करत मागे सरकली आणि लगेच दुप्पट पुढे आली.

“बोटातून अळी निंघते का बे?” साडभाऊंनी विचारलं.

सगळ्यांनी आपापलं बोट तपासलं. अयानने चावूनसुद्धा पाहिलं. कुणाच्याच बोटात अळी नव्हती.

“मंग आतमंदी गेली कुठून?”

गांडुळाच्या खालोखाल मोठी बैठक भरली. पोरं मांडवाखाली डोळे ताणून बसायची. कुणीतरी सालीवरचं टाचणीएवढं भोक शोधलं. कुणीतरी कोवळ्या दुधीवर बसणारी पिवळसर माशी पाहिली. ती बुड टेकवून बराच वेळ बसते, हेही पाहिलं. आणि एके दिवशी पाठीमागून बारीक आवाज आला, “आबा, माशी बाहीतून जाते का?”

कार्तिकी होती. साडभाऊ वळले. “नाई जात. सुतळी बांधेल हाये नं.”

“आन् बोट?”

साडभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभर प्रश्न विचारत आलेल्या माणसाला अखेर प्रश्न विचारणारं कुणीतरी भेटलं होतं. आपण काय गोंधळ घातला, ते त्यांना आत्ता कळलं: बोटापासून वाचवायला घातलेल्या बाहीने दुधीला वाचवलं होतं ते भलत्याच कुणापासून. त्यांनी घंटा इतकी बडवली की रस्त्यावरची एक जीप थांबली.

नवीन दोन दुधी निवडले. या खेपेला उलट. ज्याला बोट दाखवायचं त्याला बाही. ज्याला कुणीच दाखवायचं नाही तो उघडा. रोज सकाळी सुतळी सोडायची, बोट दाखवायचं, पुन्हा बांधायची. आणि बोट एकटीचंच, कार्तिकीचं.

पहिल्या दिवशी ती मूठ उघडायला तयार होईना. साडभाऊंनी घाई केली नाही. लिंबाखाली जाऊन, दुसरीकडे तोंड करून बसले. पोरंही तोंड फिरवून बसली. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, “दाखवलं.” खरंच दाखवलं का, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर दाखवलं. पुढे पुढे तर दुधीच्या अगदी नाकाला लावायला लागली.

उघडा दुधी सडला. कुणी ढुंकून बोट केलं नव्हतं तरी सडला. आणि बाहीतला असा फुगला, असा फुगला, की एका सकाळी खाकी शिवण उसवून त्याचं पोट बाहेर आलं. ऑन ड्युटी असताना साडभाऊंचं दिसायचं, अगदी तसंच.

त्याचे धपाटे करायचे ठरले. पोरांनी किसला, पीठ, तिखट, ओवा घालून मळला, ताईने तव्यावर टाकले. कार्तिकीची मोठी माय बोलावण्यावरून आली होती. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ त्या उसवलेल्या बाहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग माह्या वेलाले काय झालतं जी?”

“मले नाई माहीत,” साडभाऊ म्हणाले. “चिरून पाह्यला होता का?”

बाईने उसवलेली शिवण चाचपून पाहिली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “दुसरी बाही हाये का?”

साडभाऊंनी दुसरी बाही कापून दिली. तिकडे कार्तिकी धपाटे वाटत होती. वाटण्याआधी पोरं मोजायची होती. तिने उजवं बोट काढलं आणि एकेकाच्या नाकासमोर नेत, ठणठणीत आवाजात मोजायला लागली. मोठ्या मायवर आली तेव्हा जरा थांबली. “मोज वं बाई, मले बी मोज,” मोठी माय म्हणाली.

परवा पुन्हा धाडला गेलो होतो. मांडवावर नवीन लव आलेली फळं धरली आहेत. “हा पाहा, पाहुणे, कसा धरला,” असं म्हणत साडभाऊंनी हनुवटी वर केली. मी म्हणालो, “आता तरी बोटाने दाखवा की. तुम्हीच तर खोटं पाडलं.”

ते हसले. मग हसू ओसरलं. “लहानपणी माह्या मायच्या वाळकाच्या वेलाले मी बोट दाखवलं होतं,” ते म्हणाले. “समदा वेल गेला. माय काही बोलली नाई मले. नुसतं पाह्यलं माह्याकडं.”

“पण साडभाऊ, प्रयोग झाला ना?”

“थो पोरीच्या बोटाचा झाला. माह्या बोटाचा कुठी झाला?” आणि मांडवाकडे बघत, “आता बाह्या बी दोनी गेल्या.”

घरी आल्यावर मी माझ्या एका बऱ्या शर्टाची बाही कापली आणि धाडच्या जीपवाल्याबरोबर पाठवून दिली. बायकोने अजून त्याबद्दल मला माफ केलेलं नाही. बाही पोचल्याचा साडभाऊंचा फोन आला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ताई मात्र सांगते. रोज सकाळी, पोरं यायच्या आधी, मांडवाखाली एकटेच जाऊन उभे राहतात म्हणे. दोन्ही हात खिशात घालून. काल, ती म्हणाली, एक हात बाहेर होता.