मोटारीचा हूक आणि बैलाच्या मानेची काळजी

वाकडला राहणाऱ्या माझ्या नातीला गाडीमागे सायकली लावून फिरायला जायचंय. कुठला हूक घ्यावा यावरून नवरा-बायकोचा आठवडाभर खल चाललाय. मी म्हटलं, अगं, मला विचार की! पन्नासच्या दशकात, माझं नवीन लग्न झालेलं असताना, आम्ही चिंचवडहून खेडला मोटारीमागे ट्रेलर जोडून सायकली नेल्या होत्या. तो प्रवास इथे लिहून ठेवते, जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

माझं माहेर पुण्यातलं. तिथे मी शाळेला सायकलवर जायची. लग्नात वडिलांनी ती सायकलही सोबत दिली आणि चिंचवडला आल्यावर ती जी गोठ्यात टांगली गेली, ती टांगलेलीच. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, जुने शेतकरी. तापट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. सुनेनं गावात सायकल चालवायची नाही, विषय संपला. रोज शेण काढताना ती सायकल बघून मला रडू यायचं, खरंच सांगते. शेवटी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तोड काढली. खेडला नणंदेकडे जाऊ, सायकली घेऊन जाऊ, गावापासून लांब भीमेच्या काठी मनसोक्त चालव. मामंजी म्हणाले, खेडच्या पुढं काय करायचं ते करा, अलीकडं न्हाई. आणि लेकीला भेटायला तेही आमच्याबरोबर निघाले.

आता हुकाचं. आमची मोटार जुनी आणि ट्रेलर लष्कराच्या भंगारातला, पुढे जाड लोखंडी कडी असलेला. स्वस्तात व्हावं म्हणून ह्यांनी आधी बंपरलाच हूक लावायचं ठरवलं होतं. अहो, बंपर धक्का खायला असतो, ओझं ओढायला नव्हे! पहिल्याच खड्ड्यात सुटून हातात आला असता. मग भोसरीच्या लोहाराकडून मोटारीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जाड पट्टी बोल्टांनी आवळून घेतली आणि तिच्यावर हूक बसवला. गोळा आणि त्यावर बसणारी वाटी असाही प्रकार असतो, तो कमी खडखडतो. पण आमच्या ट्रेलरला कडी, तेव्हा कडीला साजेसाच हूक घ्यावा लागला. म्हणून आधी ट्रेलरचं तोंड बघा आणि मग हूक निवडा. शिवाय एक साखळी वेगळी बांधा, हूक निसटलाच तर तीच अब्रू राखते.

निघायच्या दिवशी ट्रेलर मामंजींनी स्वतः भरला. लेकीसाठी तांदूळ आणि गुळाच्या ढेपा, चाकणच्या अडत्याला द्यायची शेंगांची पोती आणि माझी नि ह्यांची अशा दोन्ही सायकली. भोसरीपर्यंत रस्ता कच्चा, नाकातोंडात धूळ. तिथे गरम भजी आणि चहा घेतला, फार पैसे पडले नाहीत. पुढे नाशिकचा रस्ता डांबरी होता, पण अरुंद. मोशीला इंद्रायणीकडे उतरताना ट्रेलर झोके घ्यायला लागला. आधी हळू, मग असा की मोटारीचं बूडच इकडून तिकडे जाऊ लागलं. ह्यांनी करकचून ब्रेक न दाबता नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि नदीच्या अलीकडे गाडी कशीबशी थांबली. माझी तर बोबडी वळली होती.

उतरून बघतो तर सगळी पोती ट्रेलरच्या शेपटाला आणि पुढे मोकळं मैदान.

"बैलाच्या मानंवर भार नको म्हणून मागं टाकलं," मामंजी म्हणाले.

बैलगाडी भरताना जू जड होऊ नये हे ते जन्मभर बघत आलेले. मोटारीलाही त्यांनी तीच माया लावली होती! भोसरीला ह्यांनी पाणी भरलं तेव्हा तर ते बॉनेटवरून हात फिरवत होते. पण ट्रेलरचं उलटं असतं. हुकावर थोडा भार पडायलाच हवा, नाहीतर शेपूट गाडीला हलवतं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेही हसले, जरा उशिरा.

पोती पुढे ओढली. ह्यांची सायकल त्यावर कशीबशी मावली, माझी काही मावेना आणि मागे बांधली असती तर पुन्हा तीच गत. चाकणला पोती उतरली की जागा होणार होती, पण तोवर काय? मोशीत मामंजींच्या ओळखीचं घर होतं. तिथे सायकल ठेवू आणि परतताना नेऊ, असं हे म्हणाले. एवढा घाट घातला आणि सायकल मोशीत, मी खेडला? मोटार ह्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती. मी खाली मान घालूनच म्हटलं, "चाकणपर्यंत मी चालवत आणते."

मामंजींनी पोत्यांची दोरी आवळली. मग म्हणाले, "पदर नीट खोच. चाकात जाईल."

काय सांगू तुम्हाला! चढाला दम लागला, पिंडऱ्या भरून आल्या, पण मी गात होते. मोटार मागून सावकाश येत होती. चाकणला बाजाराचा दिवस, कांद्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला आणि त्यात मामंजींना ओळखणारे निम्मे. अडत्याने हसत विचारलं की ही सायकलवर कोण बाई? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आमची सून हाय. वाट द्या तिला."

खेडला नणंदेने पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. भीमेच्या काठी आम्ही दोघांनी सायकली पिदडल्या. परतताना रिकाम्या ट्रेलरात दोन्ही सायकली पुढे बांधल्या आणि ट्रेलर गुणी पोरासारखा मागे आला. तुम्हीही हूक चासीला लावा आणि जड सामान पुढच्या बाजूला ठेवा, एवढं पाळलंत तरी पुष्कळ झालं. मोटार पुढे विकली, ट्रेलर गंजून गेला. माझ्याजवळ त्या प्रवासातलं राहिलं ते परतल्यावरच्या संध्याकाळचं.

घरी पोचलो तर बातमी आमच्या आधीच पोचलेली. आळीतले चौघे आमच्या ओट्यावर पान खात बसले होते, मामंजींना चिमटे काढायला. मामंजींनी कुणाकडे पाहिलं नाही. ट्रेलरमधून माझी सायकल स्वतः उतरवली, भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "उद्या दळण सायकलवर ने. गिरणी लांब हाय."

गिरणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दुसऱ्या दिवशी मी सायकलवर अख्खं गाव फिरून तिथे गेले.