आधी घर बघू

रिकाम्या ग्लासात नाक खुपसून डोळे मिटायचे, ही काकांची सवय. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात. वाईनची बाटली तशीच बाजूला, आणि हे म्हणायचे, "आधी घर बघू."

जयपूरच्या एका हॉटेलात वाईन चाखून निवडायचं काम त्यांचं, कापडचोपडाचं कोठार माझं. वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी इथली झाले. ते नाशिकचे, एकटेच, जगतपुऱ्यात खोली घेऊन राहायचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्याकडे चहाला यायचे.

एकदा त्यांनी मला दोन ग्लास हुंगायला दिले. पसरट ग्लासातल्या वाईनला जेमतेम वास, निमुळत्यातलीला पिकल्या जांभळांचा. मी म्हटलं, "काका, दुसरी भारीतली."

"वाईन तीच आहे ताई, फक्त घर बदललं. पसरट घरातून वास उडून जातो, निमुळत्यात कोंडून राहतो. चांगलाही आणि वाईटही."

मागच्या हिवाळ्यात ते तापाने पडले. उठून आले ते गप्प गप्प. मग वाईनची नवी यादी ठरवायला मालक पाहुण्यांना घेऊन बसले. त्या दिवशी ग्लास पुसायला मी सांगानेरहून आलेलं कोरं कापड दिलं, न धुता. चूक माझीच. काकांनी नेहमीसारखा एकेक ग्लास हुंगला, मान डोलावली आणि वाईन ओतली.

पहिल्याच पाहुण्याने ग्लास खाली ठेवला. "इसमें तो कपड़े की बू है जी."

मी पुढे होऊन चूक कबूल केली. मालक म्हणाले, "कपड़ा छोड़िए. इनको पता कैसे नहीं चला?"

काकांनी पुन्हा ग्लासात नाक घातलं आणि माझ्याकडे बघितलं. तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. महिनाअखेर नोकरीही गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

काही दिवसांनी मी डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडताच गॅसचा वास भसकन अंगावर आला. ते टेबलाशी बसून तो निमुळता ग्लास पुसत होते.

"या ताई, चहा टाकतो," म्हणत त्यांनी काडेपेटी उचलली.

मी ती हिसकावून घेतली. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं, ते बंद केलं, खिडक्या उघडल्या. ते जागेवरच उभे राहिले.

"घर भरलं होतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.

आता ते नाशिकला परत गेलेत. तिथेही एकटेच असतात. फोन उचलायला उशीर झाला की मला त्यांच्या हातातली ती काडेपेटी दिसते.