भावाच्या व्हिसावर आलेला राजा

पुण्यात मी शाळेत इतिहास शिकवायचे. पेशवाईची अखेर हा माझा हातखंडा विषय. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरतं त्या प्रसंगापाशी मी आले, की मागच्या बाकावर चोरून डबा खाणारी मंडळीसुद्धा घास हातात धरून बसत. शिक्षिका म्हणून माझ्यात फार गुण होते असं नाही. पण गोष्ट सांगताना मला स्वतःलाच भरून यायचं, आणि मुलांना ते कळायचं.

मग नवऱ्याला द हेगमध्ये नोकरी लागली आणि त्याच्यामागोमाग मी आले. कागदोपत्री मी ‘डिपेंडंट’. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचला. पुढची सहा वर्षं डच शिकण्यात, तिची परीक्षा देण्यात आणि एका गोदामाच्या ऑफिसात पार्सलांचे पत्ते तपासण्यात गेली. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त इतकी वर्षं मी कुणाला एकही गोष्ट सांगितली नव्हती, आणि त्यामुळे मी हळूहळू चिडकी होत चालले होते. नवरा म्हणायचा, तुला एखादा वर्ग भाड्याने आणून द्यायला पाहिजे.

जवळच्याच लायडन गावाला आम्ही एकदा सहज फिरायला गेलो होतो. कालव्याच्या दोन्ही काठांना घरं अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि मधेच एकदम मोकळं, झाडांचं मोठं पार्क. इतक्या दाटीच्या गावाने भर वस्तीत एवढी जागा कशी सोडली, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसले. अठराशे सात सालच्या जानेवारीत तिथे दारूगोळ्याने भरलेलं जहाज उभं होतं. दुपारच्या वेळी त्याचा स्फोट झाला. मोहल्लेच्या मोहल्ले गेले, शाळेत बसलेली पोरं गेली. आवाज द हेगपर्यंत ऐकू आला. जहाजावर कुणीतरी मासे तळत होतं म्हणे. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कढईत फोडणी टाकत होता आणि आमच्या छतावरचा स्मोक अलार्म नेहमीप्रमाणे बोंबलत होता. त्याने गॅस बारीक केला आणि म्हणाला, “बघ, आपण त्यामानाने फार जबाबदार लोक आहोत.”

मला मात्र त्या गोष्टीतला राजा सापडला होता. हा राजा इथला नव्हताच. फ्रेंच बादशहाचा धाकटा भाऊ. थोरल्याने उचलून इथल्या गादीवर बसवला, ते बादशाहीची सोय पाहण्यासाठी. याने येऊन काय करावं? डच शिकायला शिक्षक ठेवला. मंत्र्यांना सांगितलं, माझ्याशी तुमच्या भाषेत बोला. स्फोटाची बातमी कळली त्याच संध्याकाळी लायडन गाठलं, ढिगाऱ्यांमध्ये उभं राहून मदतीची व्यवस्था लावली आणि ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी द हेगजवळचा आपला राजवाडा उघडून दिला. थोरल्या भावाने इंग्लंडशी व्यापार तोडायला लावला तेव्हा हा तस्करीकडे काणाडोळा करत राहिला, कारण इथल्या लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. शेवटी बादशहा भडकला आणि चार वर्षांत याला गादी सोडून जावं लागलं. मी हे वाचलं आणि या माणसाच्या प्रेमात पडले. त्याच वर्षांमध्ये पुण्यात आमचे शेवटचे पेशवे काय करत होते हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, तेव्हा मला जरा जास्तच कौतुक वाटलं असेल.

लायडनमध्ये गावाचा इतिहास पायी फिरवून सांगणारी स्वयंसेवकांची एक मंडळी आहे. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला तुमच्यात घ्या, स्फोटाची फेरी मी करते. तिथल्या प्रमुख म्हणजे एक पंचाहत्तरीच्या, ताडमाड उंच, निवृत्त मुख्याध्यापिका. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची होती. माझी जीभ वळेना. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांना ‘मोठ्या बाई’ म्हणत, तेच नाव मी यांना मनातल्या मनात देऊन टाकलं. मोठ्या बाईंनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “आधी एक फेरी आम्हाला करून दाखव. मग बघू.”

पुढचे दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात राजा राहायला होता. मी पोळ्या लाटताना डचमध्ये भाषण करायचे. नवरा कांदा चिरताना ऐकायचा. एकदा म्हणाला, “हा जेवायला येणार असेल तर सांग, जास्तीची कणीक मळतो.” मी हसले नाही. मला ती फेरी मिळायलाच हवी होती. नाही मिळाली तर आयुष्यभर पार्सलांचे पत्तेच वाचायचे, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

चाचणीच्या दिवशी गार वारा सुटला होता. मंडळीतली सहा-सात जुनी माणसं हातमोजे घालून माझ्यासमोर उभी. सुरुवातीला माझी क्रियापदं वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत दमून जात होती. पण स्फोट झाला आणि मी सुटले. माझ्या अंगात शाहीर संचारला. राजा घोडागाडीतून उतरला, त्याने अंगावरचा कोट काढून एका म्हाताऱ्या बाईला दिला आणि स्वतःच्या हाताने विटा उपसायला लागला, असं मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. कोट आणि विटा कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. त्या तिथल्या तिथे माझ्या तोंडून आल्या, आणि आल्या त्या मला फार आवडल्या.

मग त्या मंडळीतला एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ म्हणाला, “ते सगळं ठीक आहे. पण शेवटी तो भावाचा माणूस होता. भावाने पाठवला म्हणून आला.”

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. मला रागच आला, आणि रागात माझं डच सुधारतं. मी म्हणाले, “हो, भावाने पाठवला म्हणून आला. मी नवऱ्यामुळे आले. माझ्या व्हिसाच्या कागदांवर तसं लिहिलेलं होतं. तोसुद्धा भावाच्या व्हिसावरच आलेला. कुणी आणलं ते माणसाच्या हातात नसतं हो. आल्यावर तो कुणासाठी धावतो ते बघा ना.”

मिशीवाल्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. बहुधा वाऱ्यामुळे.

फेरी संपल्यावर सगळे गोल करून उभे राहिले आणि माझ्या तोंडावर, माझ्यादेखत, एकेकाने माझ्या चुका सांगितल्या. वेळ फार घेतलास. कालव्याकडे तोंड करून बोललीस, मागच्यांना ऐकू आलं नाही. जहाज कुठल्या काठाला होतं ते उलटं दाखवलंस. राजाला फार गोड केलंस. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि विटा. त्या राजाचा एक हात अधू होता. त्याला धड लिहायला जमत नसे. विटा कुठून उचलणार?”

मला हे माहीत होतं! वाचलं होतं मी. तरी त्याला विटा उचलायला लावल्या. मान खाली घालून मी बुटांकडे बघत राहिले. कुणीतरी एखादं ‘छान’ म्हणेल म्हणून वाट पाहिली. आपल्याकडे पोराचं कितीही वाईट झालं तरी म्हणतात, प्रयत्न चांगला होता हं. इथे एक शब्द नाही. मोठ्या बाईंनी फोन काढला, त्यात काहीतरी पाहिलं आणि म्हणाल्या, “मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी इथेच फेरी आहे. तुला जमेल का?” मी समजले, की एखाद्या जाणत्या गाईडची फेरी ऐकायला बोलावताहेत, म्हणजे कसं करतात ते बघून घे. “जमेल,” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी जाताना ट्राममध्ये रडू आवरेना. समोरच्या बाईने न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं. नवऱ्याने दारातच चेहरा पाहिला आणि चहा टाकला. “मग? काय म्हणाले?” त्याने विचारलं.

“काय म्हणणार! सालटी काढली माझी. नाही घेतलं.”

“असं म्हणाले?”

“म्हणायला कशाला पाहिजे? कळतं ना माणसाला.”

“सोड मग. दुसरं काहीतरी बघू,” तो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, पण मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. दुसरं काहीतरी मला नको होतं. राजाविषयीची पुस्तकं मी लायब्ररीत परत देऊन आले. ऑफिसात पत्ते तपासत राहिले. एक गोष्ट मात्र मनातून जाईना. विटा न उचलणारा राजा जास्त मोठा वाटायला लागला होता. हात चालत नाही, भाषा नीट येत नाही, लोक परका समजतात, तरी हा जळक्या गावाच्या मध्यात जाऊन उभा राहतो. मी त्याला उगाच पहिलवान करायला निघाले होते. मोठ्या बाईंनी काढलेली चूक शंभर टक्के खरी होती, आणि हे कबूल करताना मला त्यांच्याविषयी रागाऐवजी आदर वाटत होता, हे आणखीच अवघड.

मार्चमधला तो शनिवार आला. जायचं मनात नव्हतं, पण शब्द दिला होता. त्या दिवशी लायडनला बाजार भरतो, तेव्हा भाजी तरी आणू म्हणून चाकांची पिशवी घेऊन निघाले. अंगात जुनं जॅकेट, केस कसेबसे बांधलेले. कालव्याशी पोचले तर बरीच माणसं जमली होती. म्हातारं एक जोडपं, कॉलेजातल्या दोन मुली, पाठीला बाळ बांधलेला एक बाप. मी मागे, पिशवी पायाशी धरून उभी राहिले आणि आजचा गाईड कोण म्हणून इकडे तिकडे बघू लागले. पांढऱ्या मिशाही गर्दीत दिसल्या.

मोठ्या बाई सायकलवरून आल्या. सायकलला कुलूप घातलं, घड्याळ पाहिलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच पाहिलं.

“सुरू कर की,” त्या म्हणाल्या. “लोक थंडीत उभे आहेत.”

“मी?”

“मग कोण? तुला विचारलं होतं, तू जमेल म्हणालीस.”

“पण तुम्ही सगळ्यांनी माझ्या एवढ्या चुका काढल्या...”

मोठ्या बाई खरोखरच गोंधळल्या. “अगं, ज्याला घ्यायचं नाही त्याच्या चुका काढायला आम्हाला वेळ आहे का?” त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातून चाकांची पिशवी त्यांनी काढून घेतली आणि स्वतःच्या शेजारी उभी केली.

नवऱ्याला फोन करावा, घरी पळून जावं, मोठ्या बाईंच्या पाया पडावं, सगळं एकदम वाटत होतं. आणि मी इतकी आनंदात होते की एकही डच शब्द आठवत नव्हता. मी माणसांच्या पुढे गेले. कालव्याकडे पाठ केली, म्हणजे मागच्यांना ऐकू येईल. बाळ बांधलेला बाप जरा पुढे सरकला. मोठ्या बाईंनी हातांची घडी घातली. सहा वर्षांनी माझ्यासमोर वर्ग होता.

“नमस्कार,” मी म्हणाले. “मी या गावची नाही. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, तोही नव्हता.”