पहिली गोण

माझ्या धाकट्या चुलतभावाने मुंबईहून मोटार आणली, तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि माझ्या तीन बैलगाड्या दासगावच्या बंदरावरून महाड, पोलादपूरपर्यंत माल वाहत होत्या. सन तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. मुंबईत तो मोटारी दुरुस्त करण्याच्या कामावर होता. तिथे कोणी टाकून दिलेली एक मोटार त्याने चालती केली, तिची मागची बाजू कापून टाकली आणि महाडच्या सुताराकडून त्या जागी लाकडी हौदा बसवून घेतला.

तेवढ्यावर तो थांबला असता, तर कदाचित माझे मनही थांबले असते. पण दर पंधरवड्याला त्या मोटारीच्या अंगावर एखादी नवी वस्तू चढे. आधी हौद्यावर कमानी आणि ताडपत्री आली. मग बाजूला हत्यारांची पेटी, घाट चढताना इंजिनात ओतायच्या पाण्यासाठी पत्र्याचा डबा, आणि ट्रंका बांधायला टपावर लोखंडी जाळी. पितळी भोंगा आला त्या दिवशी महाडला बाजाराला आलेली पाचाडची माणसे खरेदी सोडून तो पाहायला उभी राहिली होती. माझ्या मालकीचे त्यात काही नव्हते. तरी प्रत्येक वस्तू कोणत्या क्रमाने आली, हे मी आजही सांगू शकतो.

बंदरावर एक हमाल मला म्हणाला, "काय शेट, बैलांना पेन्सन कधी देताय?"

सगळे हसले. मीही हसलो. परतताना सपाट रस्त्यावर मी माझ्या उजव्या बैलाला विनाकारण पराणी टोचली. त्या गुणी जनावराला ती कधी लागत नसे. त्याने मान वळवून पाहिले, आणि मी दुसरीकडे पाहिले.

मग एके दिवशी भाऊ घरी आला. "दादा, तुझी ती जुनी गाडी गोठ्यामागं पडून हाय ना? मला दे. जू काढतो, दांडीला कडी मारतो नि मोटारीच्या आकड्यात अडकवतो. डब्बल माल जाईल बघ."

"बैलाची गाडी मोटारीला?"

"का, बैलांना वाईट वाटंल म्हणतोस?"

मी गाडी दिली. घरच्यांना माझे मन मोठे वाटले. माझ्या मनात मात्र एवढेच होते, की आता माझी गाडीही त्याच्या मागून जाणार.

आमच्याकडे नव्याने जोडलेल्या गाडीच्या पहिल्या खेपेला पहिली गोण घरातल्या वडीलधाऱ्याने ठेवायची असते. हमाल मग तिला धरून बाकीची थप्पी लावतात. ही गोण आसाच्या पुढे, जुवाच्या बाजूला ठेवायची, हे कोणाही गाडीवानाला ठाऊक असते. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते. बैल असतील तर ते अडून उभे राहतात, माणसाला कळते. मोटार काही सांगत नाही. त्यात भावाचा आकडा वरून उघडा होता. दांडीच्या भारानेच कडी त्यात बसून राही. हे सारे मी पाहिले होते. भावाचा जन्म मोटारीत गेला होता, त्याला ते दिसले नाही.

घरचा तांदूळ महाबळेश्वरच्या बाजाराला जायचा होता. भावाने नारळ फोडला आणि म्हणाला, "दादा, ठेव."

मी गोण पाठीवर घेतली, गाडीला वळसा घालून गेलो आणि ती अगदी मागच्या टोकाला ठेवली. ठरवून ठेवली असे मला म्हणवत नाही. ठरवले नव्हते असेही म्हणवत नाही.

बंदरावर मला हसणारा तोच हमाल थप्पी लावताना थबकला. "मागं नाय का होत?"

"दादानं ठेवलीय," भाऊ म्हणाला. "गाडीतलं त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं काय रे?"

मी प्रसादाचे खोबरे तोंडात टाकले.

पोलादपूर सोडून घाट लागला, आणि दुसऱ्याच वळणावर कडी आकड्यातून उसळली. गाडी उलटी धावत जाऊन डोंगराच्या अंगाच्या चरात कोसळली. दुसऱ्या अंगाला दरी होती. गोणींवर बसलेल्या त्याच हमालाने उडी टाकली, म्हणून गुडघे फुटण्यावर निभावले. दुपारी एका गाडीवानाने मला हे सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "आकडा तुटला का?" असा. माणसांची विचारपूस मी त्यानंतर केली.

दिवस मावळता भाऊ एक गोण खांद्यावर घेऊन आला. "सगळ्या फाटल्या. ही एवढी धड ऱ्हायली. तुझ्या हातची. माझा आकडाच कच्चा, दादा."

तो तांदूळ आमच्या घरी शिजला, आणि मी जेवलो.

महिन्याभरात त्याने आकड्याला वरून खीळ बसवली, जोडीला साखळी लावली, गाडी दुरुस्त केली आणि मला पुन्हा बोलावले. या वेळी मी गोण आसाच्या पुढे ठेवली. तो बघत होता.

"मागल्या खेपेला मागं ठेवली होतीस."

"हो."

"चुकून?"

होकाराला पुरेल एवढी जागा त्याने मला दिली होती. मी म्हणालो, "नाही."

तो वाकून साखळी तपासू लागला. बराच वेळ तपासत राहिला. मग हमालांना म्हणाला, "दादानं ठेवलीय तिथून लावा." ती खेप सुखरूप गेली.

त्यानंतर तो मला पूर्वीसारखेच दादा म्हणत आला. सणावारी घरी आला, माझ्या दुखण्यात मोटार दाराशी घेऊन आला. त्या गोष्टीचा उच्चार त्याने कधी केला नाही. पुढे त्याने मोठी लॉरी घेतली आणि तिच्या मागे नवी गाडी जोडली, तेव्हा नारळाला आम्ही सगळे जमलो होतो. मी पुढे उभा होतो. भावाने माझ्या पलीकडे पाहिले आणि मागची गोण पाहून थबकलेल्या त्या हमालाला हाक मारली.

हमालाने हात धोतराला पुसले, गोण उचलली आणि आसाच्या पुढे नेमकी ठेवली. मोटारीचा हेवा तोवर माझ्या मनातून गेला होता. त्या दिवशी मला त्या हमालाचा हेवा वाटला.