शेवटच्या सत्तर रेषा

कचेरीत त्याला सगळे पट्टीसाहेब म्हणायचे. पूल आणि बोगदे यांचे नकाशे काढणाऱ्या खात्यात तो मुख्य आरेखक होता आणि त्याच्या हाताची रेषा अशी सरळ, की पट्टीच याच्याकडे शिकवणीला येते म्हणून लोक त्याची चेष्टा करायचे. त्यानं शाईनं काढलेलं पुलाचं एक चित्र दर्शनी दालनात चौदा वर्षं टांगलेलं होतं. रोज सकाळी तिथून जाताना तो चित्राकडे बघत नसे. दुसरं कुणी बघतंय का, ते मात्र हटकून बघायचा.

मग कचेरीत कॉम्प्युटर आला. त्यानं आख्खी खोली गिळली. त्याला जोडलेलं प्लॉटर नावाचं यंत्र होतं: मोठं टेबल, त्यावर सरकणारा दांडा आणि दांड्याला स्क्रूनं आवळून बसवलेलं शाईचं पेन. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटरला भरवला, की पेन आपसूक नकाशा काढायला लागे. ते चालवायला घेतली ती पट्टीसाहेबाची सख्खी मेहुणी. घरात तिला धाकटीच म्हणत. तिच्या नोकरीसाठी शब्द यानंच टाकला होता, म्हणजे पायावर धोंडा पाडून घ्यायला दुसरं कुणी लागलंच नाही.

धाकटी जेवणाच्या सुट्टीत यंत्राकडून भलतंच काहीतरी काढून घ्यायची. ना पूल, ना बोगदा. चारशे आडव्या रेषा, एकीखाली एक, प्रत्येक वरचीपेक्षा किंचित वाकलेली. आरेखकांनी नाकं मुरडली. पण संचालक त्या कागदासमोर थांबले ते हललेच नाहीत. "हेच मोठ्या कागदावर काढा. कॉम्प्युटर बघायला पाहुणे यायचेत, त्याआधी दालनात लावू, त्या पुलाच्या जागी."

पट्टीसाहेबाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी घरी तो धड जेवला नाही.

"अहो, तुमचीच मेहुणी आहे ना? कौतुक करा की जरा," बायको म्हणाली.

"कौतुक कसलं? बटण दाबतं कोण, काढतं कोण! तिला हातानं एक सरळ रेघ मारून दाखवायला सांग."

"मग यंत्राचा राग तिच्यावर कशाला काढताय?"

खरी गोष्ट ही, की त्याला दोघांचाही हेवा वाटत होता. यंत्राचा वाटत होता, कारण त्याचा हात कधी घामेजत नव्हता. धाकटीचा जास्त, कारण काढून झालेल्या कागदाकडे ती ज्या हरखल्या चेहऱ्यानं बघायची, तसं त्याला स्वतःच्या चित्राकडे बघून कितीतरी वर्षं झाली होती.

प्लॉटरच्या पेनात शाई भरायचं काम मात्र त्याचंच होतं. शाई किती दाट, किती पातळ हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे, आणि धाकटी त्याच्याशिवाय कुणाला पेनाला हात लावू देत नसे. मोठा कागद काढायचा होता त्या सकाळी त्यानं शाई भरली, पेन दांड्यात बसवलं, स्क्रू आवळला आणि मग पाव आटा सैल केला. कागद वाया जावा, धाकटी संचालकांसमोर तोंडावर पडावी आणि पूल जागच्या जागी राहावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याची लाज त्याला वाटली ती फार उशिरा.

सुरुवातीच्या रेषा चोख आल्या. तो हात चोळत बसला. मग हादऱ्यांनी स्क्रू आणखी ढिला झाला असावा. तळाशी आल्यावर पेन लटपटायला लागलं. शेवटच्या सत्तर रेषा थरथरत्या उमटल्या, ताप चढलेल्या माणसाच्या हातानं काढल्यासारख्या.

धाकटी कागदावर वाकली. तळाच्या रेषा एकेक करून बघू लागली. तो मनात खूश झाला.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हे बघा ना. हे श्वास घेतंय."

पूल उतरवून माळ्यावर गेला. पाहुणे आले आणि थेट त्या तळाच्या रेषांपाशी जाऊन उभे राहिले. धाकटीचा फोटो छापून आला. आता काय बोलणार? श्रेय मागावं तर आधी गुन्हा कबूल करायचा. निवृत्त होईपर्यंत तो त्या दालनातून मान खाली घालून चालला, आणि ज्यावर त्याचा जीव जळत होता ती रेषा त्याच्याच बोटांनी थरथरवलेली होती.

चाळीस वर्षांनी कॉम्प्युटरनं काढलेल्या चित्रांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं. धाकटीचं चित्र पहिल्याच भिंतीवर होतं. आता तिचेही केस पांढरे झाले होते, आणि भाऊजींना ती हाताला धरून घेऊन आली. त्यानं चष्मा पुसून खालची पाटी वाचली: 'शेवटच्या सत्तर रेषांतील कंप यंत्रातील बिघाडामुळे.'

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे हेही यंत्रानंच केलं?

"बिघाड नाही तो!" तो भर दालनात ओरडला. "मी केलंय ते! मी स्क्रू सैल केला होता!"

माणसं वळून बघू लागली. धाकटी मात्र दचकली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी स्क्रू तपासला होता. तुमच्याशिवाय पेनाला हात कोण लावायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा हेवा वाटला म्हणून. नंतर मी शंभरदा तो स्क्रू सैल करून बघितला, भाऊजी. पाव आटा, अर्धा आटा, दाट शाई, पातळ शाई. एकदाही तसं आलं नाही. ही पाटीसुद्धा मीच लिहून दिलीय."

मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली, 'यंत्रातील बिघाडामुळे' यावर काट मारली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं तिथं 'माझ्या भाऊजींमुळे' असं लिहिलं. तिची अक्षरांवरची रेघ वाकडी आली, आणि त्यावर तो काही बोलला नाही.